पाणी जाणार कुठे?

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या तिसाव्या वर्षाच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला विषय दिलाय ‘आठवणीतलं गोरेगाव’. आठवणी सांगतेच, पण शेवटी मी निधीबद्दल बोलणार आहे आणि ते समितीतल्या काही जणांना आवडणार नाही. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मी मोतीलाल नगरातली. बैठी घरं, पुढे अंगण, अंगणात अळू आणि एखादी केळ. पावसाळ्यात दोन-चार वेळा तरी अंगणात घोटाभर पाणी यायचं. आई उंबऱ्याशी गोणपाट लावायची, आम्ही वह्यांची पानं फाडून होड्या सोडायचो, आणि पानं का फाडली म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेत ओरडा खायचो. संध्याकाळपर्यंत पाणी ओसरायचं. ते जातं कुठे, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पश्चिमेला, लिंक रोडच्या बाजूला, बरीच दलदल होती, तिवरं होती. त्यापलीकडे मालाडची खाडी. पाण्याला जायला जागा होती, म्हणून ते जायचं.

आठवीत भूगोलाच्या बाईंनी प्रश्न घातला होता, ‘तुमच्या परिसरातील एका नदीचे नाव लिहा.’ अर्ध्या वर्गाने मिठी लिहिलं. मी ‘गोरेगावचा नाला’ लिहिलं आणि मला अर्धा मार्क मिळाला. बाई, तुम्ही म्हणालात, “अर्धा यासाठी, की निदान पत्ता बरोबर आहे.” मग तुम्ही सांगितलंत की आपण जिला नाला म्हणतो, ती वालभट नदी. आरेच्या टेकड्यांतून येते आणि ओशिवरा नदीला मिळते. वर्ग हसला होता, मीही हसले. नदी म्हणजे गोदावरी, कृष्णा. तिला घाट हवा, देऊळ हवं. पुलावरून नाक दाबून ओलांडायची ती कसली नदी!

आणि गंमत बघा, पाण्याशी आपल्या गावाचं नातं आधी तहानेचं होतं. मृणालताई गोरे इथल्याच. लोकांच्या नळाला पाणी यावं म्हणून त्या झगडल्या आणि ‘पाणीवाली बाई’ झाल्या. माझी आजी त्या दिवसांबद्दल सांगायची, हंड्यांच्या रांगा, रात्री दोनला येणारी धार. घरात पाणी शिरेल ही भीती तिच्या कुठल्याच गोष्टीत नव्हती.

२६ जुलै २००५, मंगळवार. मी तेव्हा अंधेरीला सीप्झमध्ये नोकरीला होते. चार वाजता निघाले आणि द्रुतगती महामार्गावरून चालत, कधी कमरेएवढ्या पाण्यातून, दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचले. मोबाइल बंद, गाड्या बंद. त्या रात्रीच्या गोष्टी तुम्हा सगळ्यांकडे आहेत, माझी काही वेगळी नाही. आईबाबा शेजाऱ्यांच्या माडीवर रात्रभर बसून होते. आमच्या घरात पाणी पंख्याच्या पात्यांना टेकलं होतं. गाद्या, फ्रिज, बाबांची कागदपत्रं, माझी इंजिनीअरिंगची पुस्तकं, सगळा लगदा झाला. या स्मरणिकेत दहावीचा जो फोटो छापलाय, तो समितीने माझ्याकडेही मागितला होता. माझी प्रत त्या रात्री गेली.

त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला सत्तरच्या थोडा वर. शहर एकच, पण पाऊस उपनगरांवर कोसळला. आपली जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, तीसुद्धा ओहोटी असेल तर. ती दुप्पट, म्हणजे ताशी ५० मिलिमीटरची करावीत, असं १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालात लिहिलेलं होतं. म्हणजे बारा वर्षं कागद तयार होता. नंतर डॉ. माधवराव चितळ्यांची समिती नेमली गेली, तेव्हा मिठीबरोबर दहिसर, पोईसर, ओशिवरा ही नावं पेपरात दिसायला लागली. मला आठवीतला अर्धा मार्क आठवला.

इथवरचं सगळं दुसऱ्यांकडे बोट दाखवून सांगता येतं. पुढचं तसं नाही.

आम्ही ते घर विकून स्टेशनजवळच्या एका जुन्या इमारतीत आलो. २०१६ मध्ये तिचा पुनर्विकास झाला. आराखड्याच्या बैठकीत ‘तुम्ही इंजिनीअर, तुम्हीच सांगा’ म्हणून मला उभं केलं. मी २००५ मधून आलेली बाई! मी सांगितलं, प्लिंथ आणि सगळं आवार रस्त्यापासून तीन फूट वर घ्या, आपल्याकडे पाण्याचा थेंब येता कामा नये. मागच्या बाजूला एक जुनी विहीर होती, ती गाड्यांच्या पार्किंगसाठी बुजवली. आवारभर फरशी केली. ठराव एकमताने मंजूर.

पहिल्याच मोठ्या पावसात रात्री अकराला फोन आला. शेजारच्या दुमजली इमारतीत तळमजल्याला आपल्या वर्गातली एक मैत्रीण राहते. आज ती इथे बसली आहे, तिला विचारूनच सांगतेय. ती म्हणाली, “अगं, तुमचं पाणी आमच्याकडे येतंय.”

तुमचं पाणी. मी गॅलरीतून खाली पाहिलं. आमचं आवार स्वच्छ, धुऊन निघालेलं, आणि आमच्या भिंतीच्या भोकांमधून धारा तिच्या दाराशी. लेव्हल मीच सांगितली होती. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही हेच होतं. एका सर्व्हरवरचा ताण काढला की तो दुसऱ्यावर जातो. हे मी नवीन मुलांना शिकवते, आणि घरी मला ते दिसलं नाही.

त्यानंतर सोसायटीकडून भिंतीलगत एक चर आणि दोन शोषखड्डे करून घ्यायला मला दोन वर्षं लागली. पाणी कमी झालं, बंद झालेलं नाही. तिचा फ्रिज अजून विटांवर आहे.

आता निधी. आपण जमवलेल्या पैशांतून शाळेच्या मैदानाला पेव्हर ब्लॉक बसवायचा प्रस्ताव आहे. चिखल होतो, मुलांचे गणवेश मळतात, हे सगळं खरं. पण एक गणित ऐका. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मैदान हजार चौरस मीटर धरा. तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ५० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर, एका तासात. आपल्या मैदानाचा उतार शाळेच्या मागच्या चाळीकडे आहे. ब्लॉकखाली काँक्रीट घातलं, तर ते पाचही टँकर तिकडे जातील. त्या चाळीतली मुलं आपल्याच शाळेत येतात.

२६ जुलैसारख्या दिवशी मातीचं मैदानही काही करू शकत नाही, हे मान्य. आणि तीस वर्षं आपण तुडवलेली ही माती आता फारसं पाणी पीत नाही, हेही खरं. म्हणून माझं म्हणणं असं, की वरचा थर खणून मोकळा करून घेऊ, कडेने चर काढू, चाळीच्या बाजूला शोषखड्डे करू. पेव्हर हवेच असतील तर फाटकापासून पायऱ्यांपर्यंत एक वाट करू. उरलेल्या पैशांत तळमजल्यावरच्या दप्तरासाठी उंच लोखंडी मांडण्या घेऊ. २००५ ला शिपाईमामांनी जनरल रजिस्टरं बाकांवर बाकं चढवून वाचवली. त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे. पुढच्या वेळी कोण चढवणार?

समितीने ठराव आज मंजूर करू नये, महिनाभर थांबावं, एवढीच विनंती. येत्या रविवारी सकाळी आठला मी लेव्हल पाईप घेऊन मैदानावर उतार मोजायला येणार आहे. माझी मैत्रीण पाईपचं दुसरं टोक धरायला तयार आहे. खुंट्या ठोकायला आणि आकडे लिहून घ्यायला आणखी दोघं हवीत. बाई, तुम्ही आलात तर खुर्ची सावलीत ठेवू.