सागरी कासवाचे जीवनचक्र आणि प्राथमिक शिक्षण

(म्हैसूर येथे प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

म्हैसूरला समुद्रकिनारा नाही. पश्चिमेकडे घाट उतरल्याशिवाय येथील मुलांना समुद्राचे दर्शन होत नाही. अशा शहरातील तिसरी-चौथीच्या विद्यार्थ्यांना सागरी कासवाचे जीवनचक्र का शिकवावे, असा प्रश्न शिक्षकांकडून विचारला जाणे स्वाभाविक आहे. 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे अध्यापनाचे सूत्र मानले, तर तळ्यातील कासव शिकवणे पुरेसे ठरावे. परंतु हा प्रश्न थोडा खोलात जाऊन तपासला असता वेगळे चित्र दिसते. सागरी कासवाच्या आयुष्याचा जो भाग किनाऱ्यावर घडतो तो अत्यल्प आहे. उरलेले जवळजवळ सर्व आयुष्य समुद्रात, माणसाच्या दृष्टीआड जाते. किनाऱ्यावरील गावातील मुलालाही तो भाग दिसत नाही. म्हणजेच या विषयाच्या बाबतीत म्हैसूरचे मूल आणि कोकणातील मूल बऱ्याच अंशी एकाच पातळीवर असतात. दोघांनाही न दिसणाऱ्या भागाचा विचार करायला शिकवावे लागते.

जीवनचक्राचे टप्पे

जगात सागरी कासवांच्या सात प्रजाती आहेत. त्यांपैकी ऑलिव्ह रिडले, हिरवे कासव, हॉक्सबिल, लेदरबॅक आणि लॉगरहेड या पाच प्रजाती भारतीय सागरी क्षेत्रात आढळतात. लॉगरहेड वगळता इतर चार प्रजाती भारताच्या किनाऱ्यांवर किंवा बेटांवर अंडी घालतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीनुसार या सर्वांना संरक्षण आहे.

भारताच्या मुख्य भूमीवर सर्वाधिक प्रमाणात येणारी प्रजाती ऑलिव्ह रिडले ही होय. मादी रात्री वाळूवर येते, मागच्या वल्ह्यांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, त्यात साधारणपणे शंभर ते सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परतते. पिलांची ती वाट पाहत नाही. सूर्याच्या उष्णतेने वाळूतच अंडी उबतात आणि साधारणतः ४५ ते ६० दिवसांत पिले बाहेर येतात. पिलू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. तापमान साधारण २९ ते ३० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक राहिल्यास माद्यांचे प्रमाण वाढते व त्याहून कमी राहिल्यास नरांचे. हवामान बदलाचा प्रश्न मुलांपुढे मांडण्यासाठी याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण आहे.

बाहेर आलेले पिलू क्षितिजावरील उजेडाच्या दिशेने जाते. नैसर्गिक स्थितीत हा उजेड समुद्राकडे असतो. किनाऱ्यावर विजेचे दिवे असल्यास पिले उलट दिशेने जातात. समुद्रात शिरलेले पिलू पुढील अनेक वर्षे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. प्रौढ होण्यास त्याला दहा ते अठरा वर्षे लागतात. त्यानंतर मादी अंडी घालण्यासाठी बहुधा जन्म झालेल्या किनारपट्टीच्या परिसरात परत येते आणि चक्र पूर्ण होते.

वर्गातील हिशेब

हजार अंड्यांमागे एखादेच कासव प्रौढ होते, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. हे प्रमाण ढोबळ असले तरी वर्गातील अध्यापनासाठी उपयुक्त आहे. हजार चिंचोके मुलांमध्ये वाटून घ्यावेत. कोल्हे-कुत्री, खेकडे, पक्षी, मोठे मासे, मासेमारीची जाळी अशा एकेका टप्प्यावर काही चिंचोके बाजूला काढावेत आणि शेवटी एकच उरावा. सात-आठ वर्षांच्या मुलाला संभाव्यतेची व्याख्या कळणार नाही. परंतु ओंजळभर चिंचोक्यांतून एकच उरला, हे कायमचे लक्षात राहते.

मोठ्या विद्यार्थ्यांनी हाच हिशेब पुढे न्यावा. मादीची आणि तिच्या जोडीदाराची जागा घेण्यासाठी दोन प्रौढ कासवे हवीत. हजारी एक या प्रमाणाने त्यासाठी दोन हजार अंडी, म्हणजे सुमारे वीस घरटी लागतील. एका हंगामात मादीने दोनदा अंडी घातली असे धरल्यास तिला दहा हंगाम जगावे लागेल. ती दर वर्षी किंवा एक वर्षाआड येते, म्हणून प्रौढावस्थेतील दहा ते वीस वर्षे तिने सुरक्षित राहणे आवश्यक आहे. आता ती दुसऱ्याच हंगामात जाळ्यात सापडून मेली असे समजू. तिची चार घरटी, म्हणजे चारशे अंडी झाली. किनाऱ्यावर उत्तम रक्षण करून अंड्यांचे जगण्याचे प्रमाण दुप्पट केले, तरी त्यांतून सरासरीने एकही प्रौढ कासव पूर्ण होत नाही.

हा हिशेब काल्पनिक असला तरी त्यातील निष्कर्ष शास्त्रसंमत आहे. १९८७ मध्ये डेबोरा क्राउस, लॅरी क्राउडर आणि हॅल कॅसवेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी लॉगरहेड कासवांच्या लोकसंख्येचे गणिती प्रारूप मांडून दाखवले, की केवळ अंड्यांचे रक्षण करून घटती संख्या सावरणे शक्य नाही. वाढत्या वयाच्या मोठ्या कासवांचा मृत्युदर कमी करणे अधिक परिणामकारक ठरते. मुलांचे आणि प्रौढांचेही सारे लक्ष पिलांकडे असते. संख्या मात्र मोठ्या कासवांच्या जगण्यावर ठरते. म्हणून जीवनचक्र शिकवायचे तर ते संपूर्ण शिकवले पाहिजे.

वेळासचा अनुभव

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात बाणकोटजवळ वेळास हे गाव आहे. येथील किनाऱ्यावरील कासवांची अंडी पूर्वी खाण्यासाठी व विक्रीसाठी काढून नेली जात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ मध्ये येथे संरक्षणाचे काम सुरू केले. घरट्यांतील अंडी कुंपण घातलेल्या जागेत तशाच खोलीच्या खड्ड्यांत ठेवायची आणि पिले बाहेर आली की समुद्रात सोडायची, ही पद्धत ग्रामस्थांच्या मदतीने रुजली. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय गावातील घरांतच होत असल्याने उत्पन्न थेट कुटुंबांच्या हाती पडू लागले. पुढे आंजर्ले व इतर किनाऱ्यांवरही असे काम उभे राहिले आणि वन विभागाचा सहभाग वाढला.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या प्रयोगाचे मर्म स्पष्ट आहे. किनाऱ्यावरील अंडी ही सामायिक संपत्ती होती. आज आपण घेतली नाहीत तर उद्या दुसरा घेईल, अशी स्थिती असल्याने राखून ठेवण्यात कोणाचाच लाभ नव्हता. अंडे विकून एकदाच पैसे मिळत होते. घरटे राखल्याने दर हंगामात उत्पन्न मिळू लागले. कायद्याने जी बंदी कागदावर घातली होती, तिला गावाच्या हिताचे पाठबळ मिळाले.

तथापि महोत्सव म्हणजे शिक्षण नव्हे. टोपली उचलली जाते, पिले वाळूवरून सरपटत पाण्यात जातात, टाळ्या वाजतात. मुलाने जे पाहिले ती जीवनचक्रातील काही मिनिटे होत. तेथेच धडा संपला, तर पिलू पाण्यात गेले म्हणजे ते वाचले, असा चुकीचा बोध त्याच्या मनात राहतो. पिले हातात घेणे, छायाचित्रासाठी त्यांना थांबवणे किंवा प्रखर दिवे लावणे हे तर त्यांना अपायकारकच आहे. सहलीला जाणाऱ्या शिक्षकाने पिले समुद्रात गेल्यावरच खरा प्रश्न विचारावा: 'आता पुढे काय?'

समुद्रातील न दिसणारा भाग

या प्रश्नाची उत्तरे अलीकडच्या काळात थोडीफार मिळू लागली आहेत. २५ जानेवारी २०२२ रोजी वेळास येथे 'प्रथमा' नाव दिलेल्या ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवण्यात आले. भारतीय वन्यजीव संस्था आणि महाराष्ट्राचा वन विभाग यांच्या सहभागाने हाती घेतलेल्या या प्रकल्पामुळे पश्चिम किनाऱ्यावरील कासवांचे समुद्रातील मार्ग प्रथमच नकाशावर उमटले. मार्च २०२१ मध्ये ओडिशातील गहिरमाथा येथे धातूची खूण लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे स्वतंत्र असावीत, या समजुतीला या एका मादीने छेद दिला. पाठ्यपुस्तकातील नियमाला निरीक्षणाने दुरुस्ती सुचवता येते, हा वैज्ञानिक दृष्टिकोनाचा पाठही मुलांना येथे मिळतो.

कासव फुप्फुसांनी श्वास घेते, त्यामुळे त्याला ठरावीक वेळाने पाण्यावर यावे लागते. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकले तर ते गुदमरून मरते. जानेवारी २०२५ मध्ये चेन्नई परिसराच्या किनाऱ्यावर मोठ्या संख्येने मृत ऑलिव्ह रिडले वाहून आली, तेव्हा हा प्रश्न पुन्हा ठळकपणे पुढे आला. जाळ्यात बसवलेली जाळीदार चौकट आणि तिच्याजवळची सुटकेची वाट यांमुळे कोळंबी आत राहते व कासव बाहेर पडते. या साधनाला 'टर्टल एक्सक्लुडर डिव्हाइस' अथवा 'टेड' म्हणतात.

स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना हे साधन जागतिक व्यापारातील वादामुळे परिचित असते. अशी साधने न वापरणाऱ्या देशांतून कोळंबी आणण्यावर अमेरिकेने निर्बंध घातले. भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड यांनी त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. १९९८ मध्ये अपील मंडळाने संरक्षणाचा हेतू वैध मानला. मात्र निर्बंध राबवण्याची रीत पक्षपाती असल्याचा निर्णय दिला. २०१९ मध्ये अमेरिकेने याच कारणावरून भारतातील समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात पुन्हा रोखली. साधन बसवल्यास काही मासळी निसटते, अशी मच्छीमारांची तक्रार असते. संरक्षणाचा लाभ सर्वांना आणि भार थोड्यांवर, हा पर्यावरणीय अर्थशास्त्रातील नेहमीचा पेच येथे आहे. मुलांना मच्छीमार हा खलनायक म्हणून दाखवणे म्हणूनच अन्यायाचे आणि चुकीचेही ठरते.

म्हैसूरमधील अध्यापनाच्या शक्यता

या शहरात साधनांची वानवा नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची १९६३ मध्ये स्थापन झालेली प्रादेशिक शिक्षण संस्था येथे आहे. तिच्या कार्यक्षेत्रात दक्षिणेकडील राज्यांबरोबर लक्षद्वीपही येते, जेथे हिरवी कासवे अंडी घालतात. कारंजी तलावाच्या काठी १९९५ मध्ये सुरू झालेले प्रादेशिक नैसर्गिक इतिहास संग्रहालय आहे.

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी सुरुवात तळ्यातील कासवापासून करावी. तळ्यातल्या कासवाला पाय आणि नखे असतात, सागरी कासवाला वल्ह्यांसारखे अवयव असतात. सागरी कासव मान कवचात ओढून घेऊ शकत नाही. असे फरक मुलांनीच चित्रांतून शोधावेत. मातीची कासवे करणे, वाळूच्या पेटीत दीड फुटाचा खड्डा मोजणे, असे उपक्रम घ्यावेत. या वयात मृत्यूची दृश्ये दाखवून भीती घालू नये.

तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी चिंचोक्यांचा हिशेब आणि नकाशा ही साधने उपयोगी पडतात. म्हैसूर जिल्ह्यातून वाहणारी कावेरी तमिळनाडूत पूंपुहार येथे समुद्राला मिळते. त्या किनारपट्टीवर ऑलिव्ह रिडले अंडी घालण्यासाठी येतात. मुलांनी नकाशावर नदीच्या मार्गावर बोट फिरवावे. येथे पाण्यात टाकलेली प्लास्टिकची पिशवी कोठवर जाऊ शकते, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

धोरणात्मक पार्श्वभूमी

अशा अध्यापनाला घटनात्मक व धोरणात्मक आधार आहे. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये अनुच्छेद ४८-अ व ५१-अ (छ) यांद्वारे पर्यावरण व वन्यजीवांचे रक्षण अनुक्रमे राज्याचे निदेशक तत्त्व व नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले. एम. सी. मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, २००५ ने पाठांतरापेक्षा अनुभवावर भर दिला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नेही तीच दिशा कायम ठेवली. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय सागरी कासव कृती आराखड्यामुळे संवर्धनाच्या कामालाही चौकट मिळाली. उणीव धोरणाची नसून वर्गातील अंमलबजावणीची आहे. कासवाचे चित्र काढून त्याला बाण दाखवणे आणि टप्प्यांची नावे पाठ करणे, एवढ्यावर पुष्कळ ठिकाणी हा विषय संपतो.

समारोप

गुंतवणुकीचा परतावा किती वर्षांनी मिळणार, हा कोणत्याही विकासकार्यातील कळीचा मुद्दा असतो. या हंगामात समुद्रात गेलेली मादी वाचलीच, तर अंडी घालण्यासाठी दहा ते अठरा वर्षांनी परतेल. आज तिसरीत असलेला आठ वर्षांचा विद्यार्थी तेव्हा अठरा ते सव्वीस वर्षांचा असेल. तो मतदार असेल, ग्राहक असेल. कदाचित बंदराचा आराखडा करणारा अभियंता, मासेमारीचे नियम ठरवणारा अधिकारी किंवा शिक्षकही असेल. किनाऱ्यावर कोणते दिवे लागतील, जाळ्यांत सुटकेची वाट असेल की नाही, त्यामुळे होणारे मच्छीमारांचे नुकसान कोणी भरून द्यायचे, हे निर्णय त्याच्या पिढीकडे जातील. पिलू पाण्यात गेल्यावर पुढे काय होते, हे त्याला माहीत आहे की नाही, यावर ते निर्णय अवलंबून राहतील. ते माहीत करून देणे हे प्राथमिक शिक्षकाचे काम आहे, आणि त्यासाठी समुद्राकाठी शाळा असण्याची आवश्यकता नाही.