मुलांचा सुरक्षित प्रवास आणि स्वयंसेवकांचे कार्य

(हुबळी-धारवाड येथे शिक्षक, अंगणवाडी कार्यकर्त्या, पंचायतींचे अधिकारी आणि स्वयंसेवक यांच्यापुढे प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, ही शहरातील मोटारवाल्यांची गोष्ट आहे. खेड्यातील माणसाचा तिच्याशी काय संबंध? ही शंका रास्त आहे, म्हणून आरंभीच तिचा विचार करू. आज आपल्या जिल्ह्यात ज्याच्या दारी मोटार नाही, त्याच्या दारी बहुधा दुचाकी आहे. आणि ज्याच्याकडे दोन्ही नाहीत, तोही लग्नकार्याला, सौंदत्तीच्या यात्रेला किंवा दवाखान्याला भाड्याची गाडी करून जातोच. त्या प्रत्येक गाडीत लहान मूल असते. ते कोठे बसते आणि कसे बसते, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्पिढ्या ठरलेले आहे. मूल आईच्या मांडीवर बसते. बैलगाडीच्या काळात हे उत्तर अगदी बरोबर होते. बैलाच्या चालीने जाणाऱ्या गाडीत धक्का बसला, तरी आईचे दोन हात मुलाला सावरण्यास पुरेसे होते. पुढे बैलगाडी जाऊन मोटार आली, रस्ते रुंद झाले, वेग दसपटीहून अधिक वाढला. मात्र मुलाची जागा बदलली नाही. सवय बैलगाडीची आणि वेग मोटारीचा, अशी ही विसंगती आहे आणि तिची किंमत मुले मोजीत आहेत.

थोडा हिशेब करून पाहू. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि आईच्या मांडीवर १० किलो वजनाचे बाळ आहे. समोर अडथळा येऊन गाडी आदळली, तर ती सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी वेळात थांबते. गाडी थांबते, बाळ मात्र त्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. त्याला रोखून धरण्यासाठी त्या क्षणी जे बळ लागते, ते सुमारे दोन क्विंटल वजन उचलून धरण्याइतके असते. शेतात राबलेल्या बलदंड माणसालाही हे शक्य नाही. आईची माया कितीही मोठी असली, तरी तिच्या हातांचे बळ मर्यादित आहे. शिवाय आईने स्वतः पट्टा बांधलेला नसेल, तर तिच्या देहाचा सारा भार बाळावरच येतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे सुमारे तीन मजल्यांच्या उंचीवरून पडणे होय. तिसऱ्या मजल्याच्या कठडा नसलेल्या गच्चीवर आपण मुलाला खेळू देणार नाही. पण गाडीत तसेच बसवतो.

आपल्या भागाला या दुःखाची ओळख करून देण्याची गरज नाही. १५ जानेवारी २०२१ रोजी धारवाडजवळ इट्टिगट्टी येथे बाह्यवळण रस्त्यावर दावणगेरेहून गोव्याकडे निघालेल्या प्रवाशांची गाडी टिपरवर आदळली आणि दहाहून अधिक जण प्राणास मुकले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. मे २०२२ मध्ये धारवाड तालुक्यातील बाड गावाजवळ साखरपुड्याहून परतणारी, माणसांनी भरलेली गाडी झाडावर आदळली. त्या मृतांत मुलेही होती. संपूर्ण देशाचा विचार केला, तर २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. रस्ता रुंद करणे, वळण सुधारणे ही शासनाची कामे होत आणि ती झालीच पाहिजेत. परंतु गाडीत मूल कसे बसवावे, हे ज्याचे त्याने घरी ठरवायचे असते.

यावर उपाय आहे. बाजारात ज्याला ‘कार सीट’ किंवा ‘बेबी सीट’ म्हणतात, त्या छोट्या खुर्चीला मी येथे बाल-आसन म्हणतो. ते गाडीच्या मागच्या आसनावर पट्ट्याने किंवा गाडीतील कड्यांना घट्ट बसवायचे असते आणि मुलाला त्याच्या स्वतःच्या पट्ट्यांनी त्यात बांधायचे असते. अशा साधनांमुळे बालमृत्यू किमान ६० टक्क्यांनी घटू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने नमूद केले आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-ब आले. चौदा वर्षांखालील मुलाला सुरक्षा-पट्टा किंवा बाल-आसन यांच्या साह्याने न बांधता गाडी चालवणे हा त्यानुसार दंडनीय अपराध आहे. दुचाकीसाठी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्राने नियम प्रसिद्ध केला आणि वर्षभराने तो अमलात आला. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला हेल्मेट घालावे, चालकाच्या अंगाशी बांधणारे पट्ट्यांचे जाकीट घालावे आणि अशा वेळी वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, असे तो सांगतो. चार वर्षांवरील मुलास तर हेल्मेट कायद्यानेच आवश्यक आहे.

कायदा आहे, साधन आहे, मग उणीव कशाची? उणीव आहे ती घरोघर जाऊन दाखवून देणाऱ्या माणसाची. या बाबतीत इतरांचा अनुभव ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्याने १९७७ साली, डॉ. रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञांच्या आग्रहावरून, त्या देशातील असा पहिला कायदा केला. पण तो संमत होताना त्यात एक सवलत घुसली : मोठ्या माणसाने मुलाला हातांत धरले असेल, तर बाल-आसन नको! म्हणजे मांडीची समजूत तेथेही आपल्याइतकीच घट्ट होती. ही सवलत घातक आहे हे पटवून ती काढून टाकण्यास १९८१ साल उजाडले. पुढे सर्व राज्यांत कायदे झाले, घरोघर बाल-आसने आली. तरी पाहणीत आढळले की, निम्म्याच्या आसपास आसने चुकीची बसवलेली आहेत. कोठे पट्टा सैल, कोठे पीळ पडलेला, कोठे आसनाचे तोंड भलत्या दिशेला. तेव्हा नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस तेथे खास शिक्षणक्रम सुरू झाला. परिचारिका, अग्निशामक दलाचे जवान, पोलीस आणि सामान्य गृहिणीसुद्धा तो पुरा करून आसने तपासून देऊ लागल्या. लेकीच्या बाळंतपणासाठी तिकडे गेलेल्या आपल्याकडील अनेक आजींनी हा प्रकार डोळ्यांनी पाहिला आहे. दवाखान्यातून बाळ घरी नेतानाच आसनाची चौकशी होते.

त्या स्वयंसेवकांचा एक दंडक मला फार मोलाचा वाटतो. ते आसन स्वतः बसवून देत नाहीत. आईबापांकडून बसवून घेतात. कारण स्वयंसेवक आज आहे, उद्या नाही. गाडी धुताना आसन निघणार, पाहुणे आले की निघणार. ते पुन्हा बसवायचे ते घरच्यांनीच. हात त्यांचे आणि लक्ष आपले, ही या कामाची रीत आहे. शिक्षकांना ती निराळी सांगावी लागणार नाही. पाटीवर अक्षर मुलानेच गिरवावे लागते.

आता स्वयंसेवकाने नेमके काय पाहावे, ते सांगतो.

पहिले म्हणजे जागा. आसन मागच्या बाजूस असावे. तान्ह्या मुलाचे आसन गाडीच्या मागील काचेकडे तोंड करून बसवावे, निदान पंधरा महिन्यांपर्यंत. त्याहून अधिक काळ जमल्यास उत्तम. लहान मुलाचे डोके देहाच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. उलट दिशेने बसवल्यास धक्का पाठीवर व डोक्यावर सारखा विभागला जातो आणि मान वाचते. असे आसन पुढच्या सीटवर, एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये. फुगणारी पिशवीच बाळाच्या जिवावर उठते.

दुसरे म्हणजे घट्टपणा. पट्टा जेथून आसनात जातो, तेथे धरून आसन हलवून पाहावे. ते इंचभरापेक्षा अधिक सरकत असेल, तर आसनात गुडघा टेकवून भार द्यावा आणि पट्टा पुन्हा ओढावा. पट्ट्याला पीळ नसावा.

तिसरे म्हणजे मुलाचे पट्टे. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहावा. चिमटीत घडी आली, तर तो सैल आहे असे समजावे. मागे तोंड असेल, तर पट्टे खांद्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली, आणि पुढे तोंड असेल, तर पातळीवर किंवा किंचित वर असावेत. थंडीत दुपट्यात गुंडाळून वर पट्टा बांधू नये. आधी पट्टा बांधावा, मग दुपटे पांघरावे.

चौथे म्हणजे आसनाचा इतिहास. आपल्याकडे मोठ्या भावंडाची वस्तू धाकट्याला जाते, ही चांगली रीत आहे. परंतु अपघातात सापडलेले आसन पुन्हा वापरू नये आणि आसनावर छापलेली मुदत पाहून घ्यावी. माहितीची पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते. ती वाचून कन्नड, मराठी वा उर्दूत, त्या घरच्या भाषेत समजावणे, हेही स्वयंसेवकाचेच काम आहे.

पाचवे म्हणजे मोठी मुले. साधारण १३५ ते १५० सेंटिमीटर उंची होईपर्यंत मोठ्यांचा पट्टा मुलाच्या गळ्यावर आणि पोटावर येतो. अशा मुलास उंच करणारी बैठक द्यावी, म्हणजे पट्टा खांद्यावर आणि कंबरेच्या हाडावर बसतो.

आसनाची किंमत काही हजार रुपये असते. ती सर्वांना झेपणारी नाही, हे मी जाणतो. म्हणून ज्या घरी फक्त दुचाकी आहे, तेथे स्वयंसेवकाने मोटारीच्या गोष्टी सांगत बसू नये. मूल स्कूटरच्या पुढे उभे असते, किंवा आई एका बाजूला पाय सोडून बसते आणि एका हाताने बाळ व दुसऱ्या हाताने सीट धरते. हे चित्र हुबळी-धारवाड रस्त्यावर रोज दिसते. तेथे मापाचे हेल्मेट आणि पट्ट्यांचे जाकीट यांचीच माहिती द्यावी, बक्कल कसे लावायचे ते करवून घ्यावे. नऊ महिन्यांखालील बाळाला दुचाकीवर नेऊच नये, बसने न्यावे, असे स्पष्ट सांगावे. भाड्याची गाडी करायची असेल, तर पट्टे असलेल्या जागा मुलांना प्रथम द्याव्यात, मागच्या आडव्या बाकांवर मुले कोंबू नयेत आणि पुढे चालकाशेजारी मांडीवर मूल घेऊन बसू नये, एवढे तीन नियम पैशाविना पाळता येतात.

हे काम कोणी करावे? हुबळी आणि धारवाड यांत अवघे वीस किलोमीटरचे अंतर, आणि एवढ्या टापूत विद्यापीठ, वैद्यकीय महाविद्यालये, अभियांत्रिकी शिक्षणसंस्था आणि असंख्य गॅरेजे आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आहेत. गॅरेजमधील कारागिराला पट्टा आणि कडे यांची जाण आमच्यासारख्या पदवीधरांहून अधिक असते; त्याला मानाने बोलवावे. आशा आणि अंगणवाडी कार्यकर्त्यांना कोणत्या घरी बाळ येणार हे ठाऊक असते. आपल्याकडे मुलगी बाळंतपणाला माहेरी येते आणि काही आठवड्यांनी बाळासह बेळगाव, कोल्हापूर, पुणे अशा दूरच्या सासरी जाते. बाळाच्या आयुष्यातील तो पहिला मोठा प्रवास महामार्गावरचा असतो. त्या प्रवासाच्या आधी एकदा त्या घरी जाणे, हे स्वयंसेवकाचे पहिले कर्तव्य मानावे. शिक्षकांनी पालकसभेच्या दिवशी शाळेच्या आवारात तासभर गाड्या तपासाव्यात. पंचायत आणि परिवहन खात्याच्या अधिकाऱ्यांनी जागा व मान्यता द्यावी, आणि दंडाची पावती फाडण्यापूर्वी शिकवण्याची एक संधी द्यावी.

जाताना एक सावधगिरीची सूचना. घरोघर आपल्याला आजीबाई भेटतील. ‘आमची मुले काय मांडीवर वाढली नाहीत?’ असे त्या विचारतील. त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांचा अनुभव खोटा नाही, तो दुसऱ्या वेगाचा आहे. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून त्याच मनगटाला काळा दोरा बांधतात. बाळ जपावे ही त्यांचीही इच्छा आहे आणि आपलीही. त्यांना म्हणावे, आजी, दोरा राहू द्या. त्याच्या जोडीला हा पट्टाही आपण आपल्याच हातांनी बांधा. आजीने एकदा पट्टा बांधला की त्या घरात तो कोणी सोडणार नाही.

या कामात हारतुरे नाहीत. एखाद्या सकाळी चार गाड्या तपासल्या, दोन पट्टे घट्ट करवून घेतले, एवढेच त्याचे स्वरूप आहे. आपण घट्ट करवून घेतलेल्या पट्ट्याने कोणाचे मूल वाचले, हे आपल्याला बहुधा कधी कळणारही नाही. तरीही ते करावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.