वार्धक्यातील स्वावलंबन
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



लोकलच्या गर्दीत तीस-तीस वर्षे नोकरी करून ज्यांनी ठाणे, कल्याण, डोंबिवलीस बिऱ्हाडे थाटली, ते आपले ज्ञातिबांधव आज निवृत्त होऊन घरी आहेत. मुले पुण्यास, बंगळुरास वा परदेशी आहेत. घर आहे, निवृत्तिवेतनही आहे. हाकेस ओ देण्यास मात्र पुष्कळ घरी कोणी नाही. आम्हीही त्यांपैकीच आहोत.

गेल्या पावसाळ्यात आम्ही न्हाणीघरात घसरून पडलो. उजवे मनगट सुजले. रविवारी मुलाचा फोन आला, तेव्हा 'सर्व क्षेम आहे' असे आम्ही सांगितले. त्यास दूरदेशी उगाच घोर नको, हा विचार! पाचव्या दिवशी शेजारच्या सूनबाईंनी चहाचा पेला आमच्या डाव्या हातात पाहिला आणि आम्हांस डॉक्टरांकडे नेले. हाड मोडले होते. मुलगा रागावला नाही. "बाबा, यापुढे तुमचे कोणते 'क्षेम' खरे मानू?" एवढेच त्याने विचारले. आम्ही निरुत्तर झालो.

श्रोतेहो, आपण ज्यास सोशिकपणा म्हणतो, तो पुष्कळदा अभिमानच असतो. दुखणे लपविणे म्हणजे स्वावलंबन नव्हे. ते टळावे अशी तजवीज करणे हे स्वावलंबन होय. न्हाणीघराच्या भिंतीस धरावयास दांडी बसवावी, रात्री मंद दिवा ठेवावा, झिजलेल्या चपला टाकाव्यात, अंथरुणातून उठताना क्षणभर बसून मग पाऊल टाकावे. पासष्टीपुढील माणसांनी आठवड्यास किमान १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करावा आणि ३ दिवस तोल सांभाळण्याचाही सराव ठेवावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ठाणेकरांस मासुंदा तलावाचा काठ आहे, कल्याणकरांस काळ्या तलावाचा. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींत ज्यांस जिना उतरवत नाही, त्यांनी घरातच फेऱ्या घालाव्यात. मनासही फिरावयास हवे. त्यासाठी ठाण्यास १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. अडचणीच्या वेळी ज्येष्ठांसाठी १४५६७ हा विनामूल्य मदत क्रमांक आहे. तो मोठ्या अक्षरांत फोनजवळ लिहून ठेवावा.

आणि शेवटी एक विनंती. प्रत्येक इमारतीत दोन घरांनी प्रत्यही सकाळी एकमेकांचे दार वाजवावे व खरे क्षेम विचारावे. विचारणाऱ्यास संकोच नसावा, सांगणाऱ्यास लाज नसावी. आमच्या सूनबाई आता रोज येतात. आम्हीही आता खरे तेच सांगतो.