धूर, जिना आणि रात्रपाळी

कोलकात्यातील ढाकुरिया येथील आमरी रुग्णालयाला ९ डिसेंबर २०११ रोजी पहाटे आग लागली आणि नव्वदच्या आसपास माणसे दगावली. त्यांतील बहुतेक रुग्ण भाजून नव्हे, तर वरच्या मजल्यांवर आपापल्या खाटांवरच धुराने गुदमरून गेले. मोटारींसाठी राखलेल्या तळघरात ज्वालाग्राही सामान रचलेले होते, आणि इमारत काचांनी बंदिस्त असल्याने वर चढलेल्या धुराला बाहेर पडायला वाट नव्हती. अग्निशास्त्राला यातले काहीच नवे नव्हते. कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि तापलेला धूर जिना, लिफ्टची पोकळी व वातानुकूलनाच्या नळ्या यांतून भराभर वर चढतो, हे संशोधकांनी केव्हाच दाखवून दिले होते.

संशोधनाचा दुसरा निष्कर्ष माणसाच्या वागणुकीविषयीचा असून तो सामान्य समजुतीच्या नेमका उलट आहे. आग लागताच लोक सैरावैरा धावत सुटतात असे मानले जाते. प्रत्यक्षात पहिली काही मिनिटे ‘खरेच आग आहे का’ हे पाहण्यात, वरिष्ठांना विचारण्यात आणि सामान गोळा करण्यात जातात, आणि या वाया जाणाऱ्या वेळेला अभ्यासक ‘हालचालपूर्व काळ’ म्हणतात. आमरीतही शेजारच्या वस्तीतील लोक धूर पाहून मदतीला धावले असता त्यांना फाटकावरून परत पाठवण्यात आले आणि अग्निशमन दलाला वर्दी उशिरा गेली, असे आरोप पुढे झाले. पहाटे ड्युटीवर असलेल्या परिचारिकेला किंवा पहारेकऱ्याला, कोणालाही न विचारता, वर्दी देण्याचा अधिकार आहे की नाही, हा प्रश्न पाण्याच्या टाकीच्या क्षमतेइतकाच महत्त्वाचा ठरतो तो यामुळेच. आणि तो तपासणीच्या कागदावर क्वचितच विचारला जातो.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना जिन्याने खाली उतरवणे दुष्कर असल्याने, त्यांना त्याच मजल्यावरील धूर अडवणाऱ्या दारापलीकडच्या विभागात खाटेसकट ढकलत न्यावे, ही ‘आडव्या स्थलांतरा’ची पद्धत रुग्णालयांसाठी मान्य झालेली आहे. मात्र ते दार ये-जा सोपी व्हावी म्हणून पाचर मारून उघडे ठेवले, तर पद्धत पुस्तकातच राहते.

अशा चुकांतून जाणकारही सुटत नाहीत. ८ मार्च २०२१ रोजी कोलकात्यातल्याच स्ट्रँड रोडवरील रेल्वेच्या न्यू कोइलाघाट इमारतीच्या तेराव्या मजल्यावरील आगीत नऊ जण मृत्युमुखी पडले. त्यांत अग्निशमन दलाचे चार जवान होते, आणि आगीच्या मजल्याकडे जाण्यासाठी लिफ्ट वापरली गेली होती. लिफ्ट वापरू नये हा नियम त्यांना ठाऊक नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. घाईच्या क्षणी हाताला सवय कशाची आहे, एवढेच खरे ठरते, आणि ती सवय व्याख्यानाने नव्हे, सरावाने लागते.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा ‘बी फॉर्म’ दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. तो यंत्रांविषयी सांगतो, रात्रपाळीच्या माणसांविषयी नाही. कोलकात्याच्या मेछुआ भागातील हॉटेलात २९ एप्रिल २०२५ रोजी लागलेल्या आगीत चौदा जण मरण पावले. त्यांतील बहुतेकांचा जीव धुरानेच गेला.