सर्वोच्च न्यायालय बघून आल्यावर

(कासारवाडी येथे महिला मेळाव्यात केलेले भाषण)



दिल्लीला गेलं की लाल किल्ला, कुतुबमिनार बघून आपण परततो. या वेळी आम्ही सातजणींनी यादीत सर्वोच्च न्यायालय घातलं. "आपली केस नाही, मग आत कोण घेईल?" असं एका मावशींनी विचारलं. पण २०१८ सालापासून आधी नाव नोंदवलं, तर ठरलेल्या दिवशी कुणालाही माहीतगारासोबत ही इमारत बघता येते.

आमच्यात पोटगीसाठी खेटे घालणारी एक ताई होती. इथल्या कोर्टातसुद्धा ती भिंतीला धरून उभी राहते. तिथे टिळक मार्गावरून आत शिरताना तिनं माझा हात घट्ट धरला होता. ही १९५८ सालची इमारत तराजूच्या आकाराची आहे, आराखडा गणेश भिकाजी देवळालीकरांचा, हे सांगितल्यावर म्हणाली, "म्हणजे आपल्याकडच्याच माणसाचं काम की!" आणि हात सुटला.

हिरवळीवर चिंतामणी कर यांचं काळ्या ब्राँझचं शिल्प आहे. भारतमाता आणि तिच्या आसऱ्याला मूल, म्हणजे आपलं प्रजासत्ताक. ते बसवलं २० फेब्रुवारी १९७८ला.

साल ऐकून मी थबकले. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला याच न्यायालयानं मथुरा खटल्याचा निकाल दिला होता. बाहेर आल्यावर फुटपाथवरच मी सगळ्यांना ती हकीकत सांगितली. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. नागपूर खंडपीठानं दोन पोलिसांना दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. का? तर मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे तिनं प्रतिकार केला नाही!

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० साली बायका रस्त्यावर उतरल्या. निकाल फिरला नाही, पण १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातल्या बाईवर बलात्काराचा खटला असेल आणि संबंध झाल्याचं सिद्ध झालं असेल, तर "माझी संमती नव्हती" हे तिचं म्हणणं न्यायालयानं खरं धरून चालायचं, असं कायद्यात आलं.

ताईनं विचारलं, "म्हणजे एवढ्या मोठ्या कोर्टाचंही चुकतं?"

चुकतं. आणि ते चुकलं हे सांगायला काळा कोट लागत नाही.

परत आल्यावरच्या तारखेला ताई भिंतीपाशी नव्हती, बाकावर बसली होती. पोटगी अजून मिळालेली नाही. पण "पुढची तारीख कशासाठी?" हे तिनं वकिलांना पहिल्यांदाच विचारलं.

म्हणून माझी एक सूचना आहे. दिल्ली सगळ्याजणींना जमणार नाही. पण न्यायालयाचं कामकाज एरवी खुलं असतं. महिन्यातून एकदा आपण सातआठजणींनी पिंपरीच्या न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसायचं. ऐकायचं, टिपून घ्यायचं, शेजारी उभ्या असलेल्या बाईला पाणी विचारायचं. पहिल्या खेपेला कोण कोण येणार? हात वर करा.