विजेचे घर आणि आपले घर

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वीज आणि गॅस हा आहे. प्रथमदर्शनी तो रुक्ष वाटेल. परंतु घराघरांतून दरमहा न चुकता ज्यांचे पैसे जातात अशा या दोन वस्तू आहेत, आणि आपण पैसे कशाचे देतो हे समजून घेण्याचा हक्क प्रत्येक घराला आहे. शिवाय आपण रत्नागिरी जिल्ह्यातील माणसे. पोफळी, अलोरे, जयगड आणि अंजनवेल ही चारही नावे आपल्याच जिल्ह्यातली. पाणी, कोळसा आणि नैसर्गिक वायू या तिन्हींपासून वीज करणारी केंद्रे एकाच जिल्ह्यात असावीत असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. तेव्हा विजेचा विचार करण्यास आपल्याला दूर जावयास नको.

प्रथम संस्था समजून घेऊ. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, म्हणजे १९६० साली, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. वीज तयार करणे, ती दूरवर वाहून नेणे आणि घरोघर पोचविणे ही तिन्ही कामे पंचेचाळीस वर्षे हे एकच मंडळ करीत होते. जून २००५ मध्ये त्याची विभागणी झाली. आता महानिर्मिती वीज तयार करते, महापारेषण ती उच्च दाबाच्या तारांवरून नेते आणि महावितरण ती आपल्या मीटरपर्यंत आणते. बिल महावितरणचे येते म्हणून सारी वीज तिचीच असे नव्हे. ती महानिर्मितीकडून, केंद्र सरकारच्या कंपन्यांकडून आणि खाजगी उत्पादकांकडून वीज विकत घेते व आपल्याला विकते. ती कोणाकडून आणि कोणत्या इंधनाची वीज घेते, यावर आपले बिल अवलंबून असते.

आता पाण्याकडे वळू. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो आणि पायथ्याशी कोकण आहे. या उंचीचा उपयोग प्रथम टाटांनी केला. खोपोलीचे केंद्र १९१५ साली, भिवपुरीचे १९२२ साली आणि भिऱ्याचे १९२७ साली सुरू झाले. मुंबईच्या गिरण्या या विजेवर चालल्या. परंतु याच योजनांतील धरणासाठी मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ साली तेथे सत्याग्रह झाला. सेनापती बापट हे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडले गेले आहे. विजेची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही, हा धडा इतका जुना आहे.

कोयनेची योजना त्याहून मोठी. कोयना नदी मूळची पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळणारी. धरण बांधून तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेकडे वळविण्यात आले. ते साडेचारशे मीटरहून अधिक खोल उतरून पोफळीच्या भूमिगत वीजगृहातील चक्रे फिरवते. येथील पहिली वीज १९६२ साली निघाली. तेच पाणी पुढे कोळकेवाडीच्या तलावात अडविले जाते आणि अलोऱ्याच्या वीजगृहात दुसऱ्यांदा कामाला लावले जाते. एका पाण्याची दोनदा वीज करून नंतर ते वाशिष्ठीत सोडतात. पुढे चौथा टप्पा झाला. त्यासाठी मार्च १९९९ मध्ये भरलेल्या जलाशयाच्या तळाशी बोगद्याचे तोंड स्फोटाने उघडण्यात आले. एकट्या या टप्प्याची क्षमता १००० मेगावॉट आहे आणि सर्व टप्पे मिळून कोयनेची क्षमता सुमारे १९६० मेगावॉट भरते.

कोयनेचे खरे मोल मात्र या आकड्यात नाही. कोळशाचे केंद्र थंड पडले तर पुन्हा पूर्ण जोमाने चालू होण्यास कित्येक तास लागतात. पाण्याचे चक्र काही मिनिटांत फिरू लागते. संध्याकाळी घरोघर दिवे, पंखे, पंप एकदम सुरू होतात तेव्हा कोयना धावून येते. पण तिच्या पाण्यालाही मर्यादा आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. तेव्हा कोयनेचे पाणी हे कणगीतल्या भातासारखे आहे. ते जपून आणि वेळ पाहूनच काढावे लागते. आणि ही कणगी ज्यांच्या शेतांवर उभी राहिली ती कुटुंबे आपली गावे सोडून ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत विखुरली. पुनर्वसनासाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. दिवा लावताना त्यांची आठवण असावी.

आता गॅस. आपल्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात १९७४ साली ‘बॉम्बे हाय’चा शोध लागला आणि १९७६ साली तेथून तेल निघू लागले. तेलाबरोबर नैसर्गिक वायूही निघतो. हा वायू समुद्राखालील नळांतून उरणला आला आणि १९८२ साली उरण येथे राज्य विद्युत मंडळाचे वायू विद्युत केंद्र सुरू झाले. या केंद्राची रचना विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावी. वायू जाळला की जी तप्त हवा निर्माण होते ती थेट चक्र फिरवते. अशी १०८ मेगावॉटची चार चक्रे म्हणजे ४३२ मेगावॉट. परंतु चक्रातून बाहेर पडणारी हवाही अतिशय तप्त असते. ती वाया न घालविता तिच्यावर पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर १२० मेगावॉटची आणखी दोन चक्रे फिरतात. म्हणजे २४० मेगावॉटची भर पडली आणि एकूण ६७२ झाले. या जादा विजेसाठी वायूचा एक कणही अधिक जाळावा लागला नाही. वाया जाणाऱ्या वस्तूतून एक तृतीयांशाहून जास्त मिळकत! आपल्या आया-आजींना ही विद्या ठाऊक होतीच. चुलीवरचे उतरले की त्याच निखाऱ्यावर दूध ठेवायचे. इंजिनियरांनी तिचे गणित मांडले इतकेच. वायूपासून वीज करताना कोळशाच्या मानाने कर्बवायू सुमारे निम्मा निघतो आणि राख तर उरतच नाही. असे असूनही हे केंद्र अनेक वर्षे पूर्ण क्षमतेने चालू शकले नाही, कारण पुरेसा वायू मिळाला नाही. यंत्र उत्तम असले तरी इंधनावाचून ते लोखंडच.

हाच धडा अंजनवेलने फार महागात शिकविला. एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या पुढाकाराने आलेल्या दाभोळ वीज कंपनीशी विद्युत मंडळाने १९९३ साली करार केला. १९९९ साली ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा नाफ्त्यावर सुरू झाला. वीज घेतली अथवा न घेतली तरी स्थिर आकार द्यावयाचा, तोही डॉलरच्या हिशेबाने, अशी कराराची अट होती. इंधन महागले, रुपया घसरला आणि मंडळाला ही वीज परवडेनाशी झाली. २००१ च्या मे महिन्यात मंडळाने खरेदी थांबविली, केंद्र बंद पडले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉनचे दिवाळे निघाले. हजारो कोटींचा प्रकल्प किनाऱ्यावर गंजत पडला. २००५ साली सरकारी कंपन्यांनी पुढे होऊन तो रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने ताब्यात घेतला आणि क्षमता १९६७ मेगावॉट झाली. पुढे देशातील वायूचा पुरवठा आटला आणि पुन्हा चक्रे थांबली. २०१५ च्या अखेरीस रेल्वेला वीज देण्याच्या व्यवस्थेवर त्याचा काही भाग चालू झाला. शेजारीच द्रवरूप वायूचे बंदर आहे. वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की त्याचे द्रवात रूपांतर होते आणि आकारमान सुमारे सहाशेपटीने घटते. म्हणूनच तो जहाजातून आणता येतो.

पालकहो, या साऱ्या कथेचे सार असे की, कागदावर सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचावी आणि भाव चढला तर भार कोणी सोसावयाचा हे आधी विचारावे. हा नियम राज्याला लागू आहे तसा कर्ज काढणाऱ्या आणि परदेशी नोकरीच्या करारावर अंगठा अथवा सही करणाऱ्या माणसालाही लागू आहे.

अर्थात पाणी आणि वायू एवढ्यावर महाराष्ट्र चालत नाही. राज्याच्या विजेचा मोठा भार अद्याप कोळशाच्या खांद्यावर आहे. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, पारस, परळी ही नावे तुम्ही ऐकली असतील. एकट्या चंद्रपूरची क्षमता २९२० मेगावॉट आहे. जयगडचे १२०० मेगावॉटचे खाजगी केंद्र परदेशातून जहाजाने येणाऱ्या कोळशासाठी बांधलेले आहे. तारापूरला १९६९ पासून अणुवीज आहे. आणि आता घराच्या कौलांवर व गच्चीवर सूर्यही आला आहे. २०२४ साली जाहीर झालेल्या केंद्राच्या योजनेत तीन किलोवॉटच्या घरगुती सौर संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवण्यात आले. मात्र सूर्य रात्री नसतो आणि आपल्याकडे पावसाळ्यातही तो रुसलेलाच असतो. म्हणून कोणताही एक स्रोत पुरेसा नाही. प्रत्येकाची खोड निराळी, प्रत्येकाचा गुण निराळा.

आता घरचे बिल हाती घ्या. त्यातील ‘स्थिर आकार’ म्हणजे एक युनिटही न जाळता द्यावयाची रक्कम. यंत्रणा तुमच्यासाठी सज्ज ठेवल्याचा तो खर्च आहे. ‘वीज आकार’ प्रत्यक्ष वापराचा. ‘वहन आकार’ तारांवरून वीज आणण्याचा. ‘इंधन समायोजन आकार’ हा कोळसा, वायू किंवा बाहेरून घेतलेली वीज महागली की डोके वर काढतो. ‘वीज शुल्क’ हा शासनाचा कर. घरगुती दराचे टप्पे १०० युनिटांपर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे असे आहेत. शंभरी ओलांडली की वरच्या युनिटांना चढा दर लागतो. म्हणून रिकाम्या खोलीतील पंखा केवळ एका पंख्यापुरता महाग पडत नाही. हे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो. १९९९ साली स्थापन झालेला हा आयोग दर ठरविण्यापूर्वी लोकांच्या हरकती मागवितो आणि जनसुनावणी घेतो. तेथे साधा ग्राहकही बोलू शकतो. आपल्यापैकी किती जणांनी आजवर एक अर्ज तरी केला आहे? नाक्यावर बसून दरवाढीला बोल लावणे सोपे, दोन पानांची हरकत लिहिणे अवघड. ते अवघड काम आपल्या शिकलेल्या मुला-मुलींनी करावे.

माता-भगिनींसाठी गॅसविषयी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. मुंबई-ठाण्यात तो बऱ्याच घरांत पोचला आहे, आणि आपल्या जिल्ह्यातही येऊ लागला आहे. मुळात वायूला वास नसतो. तो कळावा म्हणून उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. वास आला की दारे-खिडक्या उघडा, रेग्युलेटर किंवा नळाची चावी बंद करा आणि विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नका. चालू असेल ते चालू राहू द्या, बंद असेल ते बंद. बटणातील एवढीशी ठिणगीही पुरते.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे तुमच्यासाठी. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ आले, जुलै २०२१ मध्ये चिपळूण महापुरात बुडाले. खांब पडले, रोहित्रे पाण्याखाली गेली. विजेची केंद्रे उशाशी असूनही आपली गावे अंधारात राहिली. तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातून तारा ओढणारे वायरमन आणि तंत्रज्ञच आपल्या उपयोगी पडले. वीज कारखान्यात जन्मते खरी, पण घरी पोचते ती माणसाच्या हातांनी. त्या हातांत आपल्या मुला-मुलींचे हात असावेत असे मला वाटते. आय.टी.आय.चा वीजतंत्री अभ्यासक्रम, पदविका, अभियांत्रिकी, यांपैकी ज्याला जे झेपेल ते त्याने घ्यावे. आखातात जावयाचे असले तरी हातात प्रमाणपत्र घेऊन जावे. कसब तेच असते, पण कागद असलेल्या कसबाला पगार निराळा मिळतो. आणि येथेच राहावयाचे असेल तर गच्चीवरील सौर संचांपासून वायूच्या नळांपर्यंत पुढील काळात काम भरपूर आहे.

पोफळीचे पाणी आपल्या दारावरून वाहते. ते काय करून आले हे ज्याला ठाऊक आहे तो बिलही वाचेल, सवालही विचारील आणि वेळ आली तर दिवाही दुरुस्त करील. अशी मुले या शाळेतून निघोत एवढीच दुआ करतो आणि आपली रजा घेतो. खुदा हाफिज.