चौऱ्याहत्तर दिव्यांची टक्कर

आपला सूर्य ज्या दीर्घिकेत आहे तिचं नाव आकाशगंगा. दीर्घिका म्हणजे अब्जावधी तारे, शिवाय ढीगभर वायू आणि धूळ. आपली मोठी शेजारीण आहे देवयानी दीर्घिका, 25 लाख प्रकाशवर्षं दूर. ती दर सेकंदाला सुमारे 110 किलोमीटर वेगानं आपल्याकडे येते आहे.

आता तुम्ही विचाराल, मग तारे एकमेकांवर आपटणार का? जवळजवळ नाहीच. सूर्य ज्वारीच्या दाण्याएवढा करून पुण्यात ठेवला, तर त्याच्या सगळ्यात जवळचा तारा मुंबईला ठेवावा लागेल! मधे एवढी मोकळी जागा, मग कोण कुणाला धडकणार? पण गुरुत्वाकर्षण लांबूनही ओढतं. त्या ओढाओढीत दीर्घिकांचा आकार मात्र पार बिघडतो.

हे स्वीडनच्या एरिक होल्मबर्ग यांनी 1941 साली करून पाहिलं. तेव्हा आजच्यासारखे संगणक कुठले? त्यांनी चक्क विजेचे दिवे घेतले. एका दीर्घिकेसाठी 37, दुसरीसाठी 37. दिवा दुप्पट लांब नेला की त्याचा उजेड पावच उरतो, आणि गुरुत्वाकर्षणही अगदी त्याच हिशेबानं कमी होतं. म्हणून एकेका दिव्याच्या जागी किती उजेड पडतो ते मोजायचं, त्यावरून ओढ किती आणि कुठल्या दिशेला ते काढायचं, मग सगळे दिवे थोडे थोडे सरकवायचे. पुन्हा मोजायचं, पुन्हा सरकवायचं. केवढी चिकाटी! हळूहळू दिव्यांच्या दोन्ही घोळक्यांना बाहेर फाटे फुटू लागले.

आकाशात खरोखरच अशी जोडी आहे. हस्त नक्षत्राच्या दिशेला दोन दीर्घिका एकमेकींत घुसल्या आहेत आणि त्यांच्या ताऱ्यांच्या दोन लांबलचक शेपट्या बाहेर पडल्या आहेत. तारे आपटत नाहीत, पण वायूचे ढग आपटतात, दाबले जातात, आणि त्यांतून नवे तारे जन्मतात. कोट्यवधी वर्षांनी या दोघींची एकच दीर्घिका होईल.

आणि आपलं काय? देवयानीशी टक्कर अटळ, असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. 2025 साली शास्त्रज्ञांनी नवा हिशेब मांडला: येत्या 1000 कोटी वर्षांत टक्कर होण्याची शक्यता निम्मी-निम्मी. तोवर नोव्हेंबरमध्ये, चांदणं नसलेल्या अंधाऱ्या रात्री, शर्मिष्ठा तारकासमूहाच्या पाच ताऱ्यांजवळ देवयानीचा पुसट ठिपका शोधा. दुर्बीण नसली तरी चालेल.